पूल वर आहे, चहा घ्या

खिदिरपुरात बदलून आलेल्या उतावळ्या मराठी माणसासाठी प्राथमिक मार्गदर्शिका. आवृत्ती तिसरी. पहिल्या दोन आवृत्त्या घाईत निघाल्या होत्या, त्या परत मागवल्या आहेत.

ही मार्गदर्शिका कुणासाठी

तुमची बदली कोलकात्याला झाली आहे. राहायची जागा खिदिरपुरात मिळाली आणि ऑफिस गोदीपलीकडं, गार्डन रीचला. तुम्ही मुंबईचे, ठाण्याचे, फार तर पुण्याचे. तुम्ही उभ्यानं डबा खाता, दात घासताना मेल वाचता, आणि फोनवर ‘निघालोच’ म्हणता तेव्हा तुमच्या कमरेला पंचा असतो. अशा माणसाला इथं पहिल्या आठवड्यात काहीतरी होतंच. कुणाचं पित्त खवळतं, कुणाला रात्री झोप लागत नाही. एका गृहस्थानं तर तिसऱ्या दिवशी राजीनामा टाइप केला होता, पण प्रिंटरची किल्ली ज्याच्याकडं असते तो जेवून जरा आडवा झाला होता. तो उठेपर्यंत राजीनाम्याची ऊर्मी ओसरली. तो गृहस्थ म्हणजे मीच.

मी डोंबिवलीचा. धावपळीनं पिचलेल्या माणसावर २००५ साली अख्खा सिनेमा निघाला तो आमच्याच गावच्या गाडीचं नाव घेऊन, ‘डोंबिवली फास्ट’. त्यातल्या माधव आपटेचा एके दिवशी तोल सुटतो. उरलेल्या महाराष्ट्रानं तो सिनेमा म्हणून पाहिला, आम्ही शेजारच्या विंगमधली बातमी म्हणून. सांगायचं एवढंच की या विषयातलं माझं शिक्षण पूर्ण झालेलं होतं. खिदिरपुरानं मला पुन्हा बालवाडीत बसवलं.

साहित्य

सुटे पैसे. छत्री, बारमाही. एक घड्याळ, काढून खिशात ठेवायला. मोबाइल चालेल, पण पूर्ण चार्ज केलेला नको. आणि एक बंगाली शब्द: ‘दादा’. वाक्याच्या आधी लावला तर ती विनंती असते, शेवटी लावला तर तक्रार, आणि पुढंमागं काहीच न लावता लांबवून म्हटला तर समोरचा तुम्हाला बसायला स्टूल देतो.

पहिली पायरी: पुलावर अडकावं

खिदिरपूरहून गार्डन रीचकडं जाताना रस्ता गोदीचं पाणी ओलांडतो, आणि तिथं बास्क्यूल पूल आहे, १९६६ सालचा. बास्क्यूल हा फ्रेंच शब्द, त्याचा अर्थ बागेतला सीसॉ. पुलाच्या शेपटाकडं तोलाचं वजन बसवलेलं असतं, म्हणून एवढा अवजड रस्ता उचलायला मानानं थोडीच ताकद पुरते. जहाज जायचं झालं की वाहतूक थांबवतात, आणि ज्या डांबरावरून तुम्ही नऊ वाजता ऑफिसला पोचणार होता ते डांबर तुमच्यासमोर उभं राहतं. वाहनं उभी राहिलेली आपण रोज पाहतो. रस्ताच उभा राहिलेला पाहायला खिदिरपूरला यावं लागतं.

नवशिका इथं काय करतो? स्कूटर बंद करत नाही. घड्याळ बघतो. मग हॉर्न वाजवतो. कुणासाठी, हे त्याचं त्यालाही ठाऊक नसतं; पुलाला हॉर्न ऐकू येत नाही आणि जहाजाचा आपल्याहून मोठा असतो. मी पहिल्या दिवशी पंचवीस-तीस वेळा वाजवला. शेजारी एक हातगाडीवाला दांड्यावर हनुवटी टेकून उभा होता. त्यानं माझ्याकडं प्रेमानं पाहिलं आणि विचारलं, “दादा, जहाज की सोरबे?” जहाज बाजूला होईल का? टोमणा नव्हता. त्याला खरंच उत्सुकता होती.

दुसऱ्या दिवशी मी हुशारी केली आणि पर्यायी रस्ता धरला. मोमिनपूर, माझेरहाट, तारातला, आणि तिथून बंदराकडं जाणाऱ्या कंटेनरच्या ट्रेलरांमागं. ऑफिसात पोचलो तेव्हा पुलावर थांबलेला सहकारी आला होता, त्याचा चहा झाला होता आणि माझ्या टेबलावरचं वर्तमानपत्र त्यानं वाचून घडी करून ठेवलं होतं. पर्यायी रस्ता या विषयावर एवढं पुरे.

तिसऱ्या दिवसापासून मी वही घातली. डोंबिवलीकराचा धर्मच तो: गाडीची वेळ पाठ असली की अर्धी लढाई जिंकली. पूल कधी उठतो ते रोज टिपायचं आणि त्याच्या दहा मिनिटं आधी निसटायचं. चार दिवसांत वहीत नुसता गोंधळ झाला. नोंदी रोज पुढं सरकत होत्या. मी पुलाच्या माणसांवर मनातल्या मनात बेशिस्तीचा ठपका ठेवला, आणि मग ऑफिसातल्या एका जुन्या टॅलीक्लार्कनं वही पाहून विचारलं, “तुम्ही समुद्राकाठचे ना?”

लाज वाटली. कारण भरतीचं गणित मला शाळेत शिकवलेलं होतं. खिदिरपूरची गोदी १८९२ साली सुरू झाली, मुंबईच्या प्रिन्सेस डॉकनंतर बारा वर्षांनी. ती नदीला थेट उघडी नाही. मध्ये जलपाशाची दारं आहेत, आणि जहाजं आत-बाहेर करायची ती भरतीचा अंदाज बघून. समुद्र इथून दोनशे किलोमीटर लांब, तरी हुगळीतून भरती शहरापर्यंत चढते. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे आजच्यापेक्षा उद्याची भरती जवळजवळ ५० मिनिटं उशिरा. कोकणात म्हातारी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात: चतुर्थी असेल तर साधारण तीन वाजता. नदीतून वर चढायला पाण्याला वेळ लागतो, तेव्हा हा हिशेब इथं जसाच्या तसा आणू नये, पण सरकत जाण्याची तऱ्हा तीच. चंद्र रोज पन्नास मिनिटं उशिरा कामावर येतो. इतकी वर्षं झाली, त्याला कुणी मेमो दिलेला नाही, आणि मी निघालो होतो त्याची हजेरी घ्यायला.

वही अजून आहे. मागच्या पानांवर वाण्याचा हिशेब लिहितो.

तेव्हा पूल वर दिसला की पुढचं करावं. इंजिन बंद करावं. स्कूटर स्टँडवर लावावी. पायांनी तोलून धरलेली स्कूटर म्हणजे न घेतलेली विश्रांती. कडेच्या टपरीवर जाऊन चहा सांगावा. तो मातीच्या छोट्या कपात मिळतो, त्याला इथं ‘भाँड़’ म्हणतात. मराठी कानाला भांडणाची आठवण होते. पहिल्या दिवशी मी भांडायच्याच तयारीनं उतरलो होतो. कप इतका लहान की तीन-चार घोटांत संपावा, आणि इतका तापतो की ते घोट भराभर घेता येऊ नयेत. ही रचना कुणी मुद्दाम केली नसेल, पण मला संशय आहे.

समोरून जहाज जातं. जवळून पाहिलेलं जहाज जाताना दिसत नाही, सरकताना दिसतं. गंजाचे ओघळ, दोरखंड, वरून खाली वाकून आपल्याकडं बघणारा कुणी एक, ज्यानं महिनाभर आपलं घर पाहिलेलं नाही. तो हात हलवतो. नवशिक्यानंही हलवावा. मला हे जमायला पाच आठवडे लागले.

दुसरी पायरी: मागं पुढं व्हावं

स्कूटर बिघडते तेव्हा बसनं जावं लागतं. मिनीबसमध्ये शिरताच कंडक्टर सांगतो, “पेछोन दिके एगिये जान.” शब्दशः: मागच्या बाजूला पुढं चला. माझं प्रगतीविषयीचं जेवढं वाचन आहे, म्हणजे विमानतळावर मिळतात ती पुस्तकं, त्यात इतकं नेमकं मार्गदर्शन आढळलं नाही. बसमधले सगळे ते विनातक्रार करतात.

दुसरं वाक्य त्याहून मोलाचं. उतारू उतरत असला की कंडक्टर बसच्या पत्र्यावर थाप मारतो आणि ड्रायव्हरला ओरडून सांगतो, “आस्ते, लेडिज, कोले बाच्चा!” हळू, बाईमाणूस उतरतंय, कडेवर मूल आहे. कोलकात्यात हे इतकं रुळलेलं आहे की कडेवर काय आहे हे कुणी तपासत नाही. एकदा माझ्या पुढं एक काकू उतरल्या, त्यांच्याजवळ पिशवी होती आणि पिशवीत दोन फ्लॉवरचे गड्डे. कंडक्टरनं मूलच जाहीर केलं. ड्रायव्हरनं बस पूर्ण थांबवली. काकू राणीसारख्या उतरल्या.

सराव: मुंबईच्या हेड ऑफिसातून एकाच सकाळी चौथा फोन आला की उचलण्याआधी टेबलावर थाप मारावी आणि हे वाक्य स्वतःशी म्हणावं. मोठ्यानं म्हटलं तरी चालतं. मुंबईला वाटतं, आपल्याकडं ऑडिट आलंय.

तिसरी पायरी: आपली रेघ शोधावी

हा धडा मोठा आहे, कारण मूळ दुखणं इथं आहे. धावपळ हा त्याचा ताप. दुखणं म्हणजे ओझं.

पुलावरून जहाज बघताना त्याच्या कुशीकडं पाहावं. मध्यावर, पाण्याच्या जरा वर, एक वर्तुळ आणि त्याला छेदणारी आडवी रेघ रंगवलेली असते. शेजारी लहान रेघांची शिडी. सॅम्युएल प्लिमसोल नावाच्या ब्रिटिश खासदाराचं हे काम. त्या काळी जहाजमालक जुनाट जहाजं विम्याच्या भरवशावर गळ्यापर्यंत भरत; बुडालं तर मालकाला पैसे मिळत आणि खलाश्यांच्या बायकांना बातमी. त्या जहाजांना लोक शवपेट्याच म्हणत. प्लिमसोलनं वर्षानुवर्षं ओरडा केला, आणि १८७६ साली कायदा झाला की प्रत्येक जहाजावर भाराची रेघ पाहिजे.

फक्त त्या कायद्यात एक गंमत राहून गेली. रेघ सक्तीची होती, पण ती कुठं मारायची ते मालकानं ठरवायचं. एका कप्तानानं ती थेट धुराड्यावर रंगवली असं सांगतात. जागा कायद्यानं ठरली ती १८९० मध्ये.

तुम्ही आणि मी अजून १८७६ मध्येच आहोत. रेघ आहे म्हणतो, आणि धुराड्यावर मारतो. मी कोलकात्याला आलो तेव्हा माझ्या अंगावर काय काय होतं त्याची यादी एकदा टपरीवर बसून केली. ऑफिस, हे धरलेलंच. डोंबिवलीच्या सोसायटीचं सेक्रेटरीपद, दोन हजार किलोमीटरवरून. शाळेच्या बॅचचा ग्रुप आणि त्यातून भांडून फुटलेला दुसरा ग्रुप, दोन्हीकडं मी अ‍ॅडमिन. मावसभावाच्या लग्नाच्या बसचं बुकिंग. एक ऑनलाइन कोर्स, ज्याचे तेरा व्हिडिओ बघायचे राहिले होते. रोज दहा हजार पावलं, आणि ती मोजणारं मनगटावरचं यंत्र, जे मी चहा पीत बसलो की थरथरून उठायला सांगायचं. आणि एक डाएट, ज्यात बदाम भिजत घालायचे होते. रात्री अंथरुणावर पडलो की आधी बदाम आठवत.

आता शिडीच्या रेघांकडं या. रेघ एकच नसते, हे प्लिमसोलच्या चिन्हाचं खरं शहाणपण. तेच जहाज उष्ण कटिबंधात जरा जास्त भरलेलं चालतं. त्यासाठी वरची रेघ. उन्हाळ्यासाठी त्याखाली, हिवाळ्यासाठी आणखी खाली. आणि सगळ्यांत खालची रेघ उत्तर अटलांटिकातल्या हिवाळ्याची: तिथं लाटा अशा उठतात की लहान जहाजानं सर्वांत कमी माल घेऊन जावं. म्हणजे समुद्र खवळायच्या दिवसांत ओझं कमी करायचं. आपला उत्तर अटलांटिकातला हिवाळा म्हणजे मार्चअखेर. त्या महिन्यात आपण काय करतो? मुलांच्या परीक्षा, कर वाचवायची कागदपत्रं, टार्गेटं, आणि वर ‘गुढीपाडव्यापासून नक्की’ म्हणून योगासनांचा वर्ग.

शिडीत एक रेघ गोड्या पाण्याची आहे. तेवढ्याच ओझ्यानं जहाज खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्यात जास्त बुडतं, कारण गोडं पाणी हलकं. हे समजलं त्या दिवशी मला माझ्या रविवारांचा उलगडा झाला. सोमवार ते शनिवार ऑफिसचा खारटपणा आपल्याला तरंगत ठेवतो. ओझं असतं पण जाणवत नाही. रविवारी घरी, सोफ्यावर, आवडत्या माणसांत, तेच जहाज चार बोटं जास्त बुडतं. बायको म्हणते, “घरी आलास की तुला काय होतं?” गोडं पाणी, गं. (हे उत्तर प्रत्यक्षात देऊ नये. मी दिलं होतं.)

मग करायचं काय? तेच करायचं जे जहाजं करतात. हुगळीत गाळ फार. फराक्क्याचा बंधारा १९७५ साली सुरू झाला तो गंगेचं पाणी वळवून हा गाळ हटवण्यासाठीच, तरी खोली बेताचीच राहिली. म्हणून खोल बुडालेलं जहाज सरळ खिदिरपूरला येत नाही. ते आधी खाली हल्दियाला थांबतं, थोडा माल तिथं उतरवतं, हलकं होतं आणि मग उथळ नदीतून वर चढतं. हल्दियाची गोदी १९७७ पासून चालू आहे, तिथं मला एकदाही कुणी जहाजाला हिणवताना दिसलं नाही की बघा, याला झेपलं नाही.

माझं हल्दिया म्हणजे सोसायटीची बैठक. व्हिडिओवरून हजर झालो आणि सांगितलं, मला सेक्रेटरीपद सोडायचंय, मी कोलकात्यात आहे. थोडा वेळ शांतता. मग तळमजल्याचे काका म्हणाले, “कोलकात्यात? आम्हाला वाटलं, तुम्ही वर बी-विंगलाच आहात आणि खाली यायचा कंटाळा करता.” आठ महिने मी ज्या टँकरच्या बिलांसाठी रात्री जागलो होतो ती त्यांची मुलगी दर महिन्याला आपली आपण भरून टाकत होती.

दोन्ही ग्रुपचं अ‍ॅडमिनपद एकमेकांच्या शत्रूंना दिलं. मनगटावरचं यंत्र टपरीवाल्याच्या पोराला दिलं, तो ते घालून दिवसभर कप पोचवतो; त्याची पावलं वीस हजारांच्या वर जातात असं तो मला रोज मुद्दाम सांगतो. बदाम मी नुसतेच खाल्ले.

चौथी पायरी

वेळेअभावी गाळली आहे.

पाचवी पायरी: भाषा बदलावी

मराठीत वेळेबद्दल खोटं बोलायला एक स्वतंत्र अव्यय आहे: ‘च’. निघालोच, आलोच, पोचलोच, झालंच. मूळ क्रियापदात थोडी शंका असते, ती ‘च’ लावून पक्की करतात. बंगालीत त्या जागी ‘एई तो’ आहे. “एई तो, एशे गेछि” म्हणजे हा काय, पोचलोच की. फरक एवढाच की आपण ‘च’ म्हटल्यावर धावायला लागतो आणि इथला माणूस ‘एई तो’ म्हणून आणखी एक सिगारेट पेटवतो. खोटं सारखंच, श्रम मात्र आपले जास्त.

दुसरा शब्द ‘ल्याद’. अंगात भरून येणारा, कुणाचं वाईट न चिंतणारा आळस. बंगाली माणूस ल्याद ‘खातो’. चहा, वारा आणि धक्के खातो तसाच. आपण हवा खातो, भाव खातो, मार खातो, आळस मात्र करतो. करायचा म्हणजे तेही एक काम झालं. आणि आपल्याकडं कामं वेळ खातात. इथं माणसं वेळ खातात, आणि चावून.

इथल्या सगळ्याच गोष्टी हळू आहेत असा समज करून घेऊ नये. फॅन्सी मार्केटमध्ये शनिवारी संध्याकाळी घुसून पाहा. परदेशी अत्तराच्या बाटल्या, घड्याळं, चॉकलेटं. दुकानदार तीन गिऱ्हाइकांशी तीन भाषांत एकाच वेळी घासाघीस करतो आणि मोड चौथ्याला देतो. रमजानमध्ये सूर्य बुडायच्या आधीच्या पाऊण तासात या रस्त्यांवर जी धांदल असते ती दादर स्टेशनला लाजवेल. मग अजान होते आणि सगळं थांबतं. खजूर हातात घेतलेली माणसं दुकानाच्या पायऱ्यांवर बसलेली, रिक्षा आडव्या, ट्रॅफिक हवालदाराला कुणीतरी सरबताचा पेला दिलेला. मी अशा वेळी एकदा घाईघाईनं चाललो होतो. अख्ख्या रस्त्यात चालणारा मी एकटाच, आणि माझ्या बुटांचा आवाज मलाच ऐकू येत होता. एका म्हाताऱ्यानं पायरीवर सरकून जागा केली. बसलो. कलिंगडाची फोड मिळाली.

घाईला सगळ्यांचा एकच शेवटचा ठोका असेल तर ती सोसते, असं मला तेव्हापासून वाटतं. आपल्या मंगलाष्टकांतही तेच. त्यातल्या ताराबळाच्या घोषावरून आपण ‘तारांबळ’ हा शब्द केला म्हणतात. भटजी सुटतात, अंतरपाटामागं नवऱ्याला घाम फुटतो, अक्षता कुणाच्या तरी डोळ्यात जातात. पण ते संपतं, आणि पंगत बसते. ऑफिसच्या तारांबळीत पंगत बसतच नाही.

जोडधडा: घड्याळ आणि थोडा इतिहास

डिसेंबरात इथं पाचच्या आत सूर्य मावळतो. मुंबईहून साडेपाचला फोन येतो, “अजून उजेड आहे, जरा बघून घे ना.” त्यांच्याकडं आहे उजेड. तुम्ही अंधारात बसून बघून घेता, आणि चिडचिड होते ती का, हे कळत नाही. हे भूगोलामुळं होतं. मनाला लावून घेऊ नये.

पूर्वीचे लोक याबाबत अधिक मानी होते. देशाला एकच वेळ लागू झाली १ जानेवारी १९०६ पासून, पण मुंबईनं आपली ३९ मिनिटं मागची वेळ पुढंही चालवली, अगदी १९५५ पर्यंत. कोलकात्यानं आपली २४ मिनिटं पुढची वेळ १९४८ पर्यंत सोडली नाही. म्हणजे आजीच्या काळात मुंबईहून कोलकात्याला आलेला माणूस तासाभराहून जास्त पुढं गेलेला असे, आणि त्याला कुणी उशीर झाला म्हणत नसे. गाव बदललं एवढंच. मी टेबलावर दोन घड्याळं ठेवली आहेत, एक जुन्या मुंबईच्या वेळेचं आणि एक जुन्या कलकत्त्याचं. साहेब आले की मधली वेळ सांगतो.

आधीच्या आवृत्त्यांमध्ये या ठिकाणी ट्रामचा धडा होता. कोलकात्याची पहिली विजेची ट्राम धावली ती आपल्या खिदिरपूरलाच, एस्प्लनेडहून, २७ मार्च १९०२ रोजी. मैदानाच्या झाडांखालून जाणारा तो मार्ग उतावळेपणावरचा उतारा होता. सायकलवाला मागं टाकून जायचा आणि ट्रामचालक त्याला घंटा वाजवून शुभेच्छा द्यायचा. मे २०२० मध्ये अम्फान वादळ आलं आणि हा मार्ग बंद पडला तो पडलाच. धडा अभ्यासक्रमातून वगळला आहे.

घोड्यांच्या ट्रामची एक तारीख मात्र डोक्यातून जात नाही. ती पहिल्यांदा २४ फेब्रुवारी १८७३ ला सियालदाहून आर्मेनियन घाटाकडं गेली. शहराला वेग आला म्हणून लोक रस्त्यावर आले असतील. दोनच दिवसांनी, २६ तारखेला, याच नदीतून ‘लाला रुख’ नावाचं जहाज सुरिनामला निघालं, गिरमिटिया मजुरांचं पहिलं. पोचलं ५ जूनला. ९९ दिवस. आज काठावर सुरिनाम घाट आहे, आणि तिथं २०१५ साली बसवलेला ‘माई-बाप’ पुतळा. तिथं गेलं की पुलावरच्या पंधरा मिनिटांबद्दल कुरकुरणं जमत नाही. या परिच्छेदाला सराव नाही.

नेहमी विचारल्या जाणाऱ्या शंका

‘कोलकाता कधीच घाई करत नाही का?’ एकदा केली होती, आणि तीही आपल्यामुळं. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांचं सैन्य बंगालवर चालून आलं, आणि शहराभोवती घाईघाईनं खंदक खणायला घेतला. त्याला मराठा डिचच म्हणत. सात मैलांचा बेत होता. सहा महिन्यांत तीन मैल झाले. मराठे शहरापर्यंत आलेच नाहीत, आणि काम थांबलं. बाकीच्या बंगालनं मात्र जे सोसलं त्यापायी बाळांना झोपवायला इथं अजून ‘बर्गी’ची, म्हणजे आपल्या बारगिरांची, भीती घालतात. बसमध्ये कुणी मूळ गाव विचारलं तर मी आधी त्याच्या कडेवर मूल आहे का बघतो.

‘मराठी माणसं भेटतात का?’ भेटतात, हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात. गणपतीत जाऊन यावं. मात्र आरत्या म्हणताना लय कशी चढत जाते ते ऐकावं. मंत्रपुष्पांजलीला आलो की आपण लोकल पकडायची असल्यासारखे सुटतो. दारात उभे बंगाली शेजारी कौतुकानं बघतात. प्रसाद कुठं पळून चाललाय, असा त्यांना प्रश्न पडत असावा.

‘आईचा फोन पुलावर आला तर?’ उचलावा. माझी आई विचारते, “पोचलास का रे?” पूर्वी मी ‘पोचलोच’ म्हणायचो. आता सांगतो, “पूल वर आहे, आई. चहा पितोय.” पहिल्यांदा तिला काळजी वाटली. आता ती विचारते, जहाज कुठलं आहे, त्यावर माणसं दिसतात का, आणि ती जेवली असतील का. परवा तिनं मला दहा मिनिटं वालाच्या बिरड्याची कृती सांगितली, सोलण्यापासून. तेवढ्यात जहाज गेलं.

शेवटची सूचना

पूल खाली यायला लागला की मागच्या स्कूटरी एकदम सुरू होतात आणि सगळं शहर एकाच वेळी तुमच्या पाठीवर येतं. तेव्हा खिशात नाणी चाचपत बसायला सवड नसते आणि टपरीवाला शंभराची मोड देत नाही. चहाचे पैसे आधीच देऊन ठेवावेत.